रिपोर्ट वर गेला!

तारकर्लीच्या सत्यवानाने त्या सकाळी ठरवलं, प्रिंटर आपण स्वतःच जोडायचा. बायको उर्वशी मालवणच्या बाजारात गेली होती. मेव्हणा निकेत पणजीला. त्यानेच हा लिनक्सवाला कॉम्प्युटर बसवून दिलेला. एवढ्यातेवढ्यासाठी त्याला फोन कशाला? (आणि केला की 'भावोजीनू, परत काय केलात?' असं विचारतो!)

कॉम्प्युटर म्हणाला, परवानगी नाही.

मागे खोलीवर राहून गेलेल्या एका पुणेकराने सांगितलं होतं, 'अडलं की हुकमाच्या आधी सुडो लिहायचं, मशीन मुकाट ऐकतं.' देवापुढे नारळ ठेवावा तसा सत्यवानाने सुडो ठेवला. पासवर्ड मागितला, तोही दिला. तर पडद्यावर इंग्रजीत उमटलं, सत्यवान सुडोवाल्यांत नाही. खाली आणखी एक ओळ होती. तिच्यातला एकच शब्द त्याला नीट कळला. 'रिपोर्टेड.'

रिपोर्ट? खंय?

सत्यवान ताडकन उठला. घरामागच्या दोन खोल्या तो पर्यटकांना भाड्याने द्यायचा, आणि परवाना 'काढूया, काढूया' करत अजून काढलेला नव्हता. त्याने टेलिफोनची वायर उपटली. कॉम्प्युटरच्या तोंडावर पंचा टाकला. रस्त्यावरचा 'रूम मिळतील' बोर्ड काढून विहिरीआड ठेवला. समोर नारळ पाडायला माडावर चढलेला पाडेलीसुद्धा आज जरा जास्तच इकडे बघतोय असं त्याला वाटलं. (आता पाडेली काय डोळे मिटून चढणार?)

इतक्यात दारात गाडी थांबली. बूट घातलेला, काखेत फाईल असलेला गृहस्थ उतरला.

"रूम इथेच ना?"

सत्यवान थेट कचेरीतल्या मराठीत शिरला. "रूम? हे राहतं घर आहे."

"अहो, मी देवधर. बुकिंग केलंय. चार दिवसांचं."

"आमच्याकडे फक्त पाहुणे येतात. पाहुण्यांचं बुकिंग नसतं."

"बरं, जेवण तरी?"

"जेवण आम्ही जेवतो!"

गाडीतून एक आजीबाई म्हणाल्या, "चल रे, माणूस बरा दिसत नाही." आणि गाडी धुरळा उडवत गेली.

उर्वशी आली ती भली मोठी सुरमई घेऊन. "देवधर इले काय ओ?"

"हळू बोल गो! तो इन्स्पेक्टर. हाकललंय तेका! आपलो रिपोर्ट गेलो."

"खंय?"

"वर."

उर्वशीने पंचा बाजूला केला, बसली, चार बटणं दाबली. "हो बघा तुमचो रिपोर्ट. हय इलो."

"हय? कोणाक?"

"माका. निकेतान बसवतानाच सांगल्यान, मशीनचो एक मालक व्हयो. तेका रूट म्हणतत. तो देयत तितकोच बाकीच्यांका हक्क."

"म्हणजे रूट…"

"मिया."

"आणि मी?"

"तुमी कोण नाय."

तो इन्स्पेक्टर नव्हताच हे ध्यानात येताच सत्यवान गाडी गेली त्या वाटेने धावला. पण देवधर मंडळी वळणावरच्या दुसऱ्या लॉजवर उतरून सोलकढी पीत होती. आजीबाईंनी त्याला बघून पर्स जवळ ओढली. तो परत आला आणि पडेल आवाजात म्हणाला, "उर्वशी, माका थोडो तरी हक्क दी गो. परत असा करूचंय नाय."

"दितंय." तिने लगेच त्याचं नवं खातं उघडलं.

सत्यवानाने चष्मा लावून पडद्यावरचं नाव वाचलं. "गेस्ट? ह्या काय गो?"

"मगे?" सुरमई उचलून चुलीकडे जात उर्वशी म्हणाली, "घरात एक तरी गेस्ट रवाक व्हयो मां?"