लांजेवार सरांचा राहिलेला प्रश्न

आमच्या शाळेतले लांजेवार सर धावत्या एसटीच्या खिडकीतूनही गणित विचारायचे. एकदा लाखांदूरची गाडी सुटली आणि सरांना थांब्यावर नववीतली निकिता दिसली. "निकिता, तुझा राहिला ना बाप्पा! दोन एक्स अधिक तीन बरोबर सतरा, एक्स किती?" पोरगी दप्तर सावरत गाडीमागे धावली आणि "सात, सर!" म्हणून ओरडली. अख्ख्या गाडीनं टाळ्या वाजवल्या.

त्याचं असं आहे, नववीचा वर्ग एकच आणि पोरं त्र्याऐंशी. प्रत्येकाला रोज एक तरी प्रश्न विचारायचाच, हा सरांचा हट्ट. मी मराठी शिकवतो. पुढच्या दोन बाकांवर माझं भागतं. सरांचं भागत नाही. घंटा होईपर्यंत जेमतेम निम्मे आटोपायचे, उरलेल्यांची नावं खिशातल्या डायरीत जायची आणि संध्याकाळी त्यांना गाठायला सर सायकलवर टांग मारायचे.

भाताच्या रोवणीच्या दिवसांत बांधीत वाकून रोपं लावणाऱ्या एका पोरीला त्यांनी शेताच्या धुऱ्यावरून वर्गमूळ विचारलं. तिची आजी म्हणाली, "गुरुजी, इचारा, पण तिचा हात नोका थांबवू. नाही तं या, तुमीच लावा दोन पेंढ्या." सर पँट दुमडून चिखलात उतरले. उत्तर बरोबर आलं, सरांचं धान तेवढं आडवं झालं.

एका लग्नात तर भटजींना थांबवून नवरदेवालाच गाठलं. "दहावीच्या शेवटच्या दिवशी तुझा राहिला होता!" नवरदेव अडकला. अंतरपाटापलीकडून नवरीनं उत्तर सांगितलं. तीही आमच्याच शाळेची.

यंदा मात्र अर्जांवर अर्ज करून सरांनी नववीच्या दोन तुकड्या करून घेतल्याच. नवे शिक्षक आले, सरांकडे एकेचाळीस पोरं उरली. आठवीत वर्षभर तोंड न उघडलेली एक पोरगी आठवडाभरात आपणहून उभी राहिली, "सर, मले नाही समजलं, पुन्हा सांगा ना." सर शाळाभर पेढे वाटत सुटले. "समजलं नाही म्हणते! सरळ तोंडावर म्हणते!"

पण आता सगळ्यांचे प्रश्न घंटेच्या आतच संपतात. परवा शाळा सुटल्यावर सर फाटकाशी डायरी उघडून उभे होते. पान कोरं होतं. सरांच्या पत्नी तीन वर्षांपूर्वी गेल्या, मुलगा पुण्याला. संध्याकाळचा कुणाकुणाकडचा चहा, म्हाताऱ्यांशी गप्पा, हे सगळं त्या डायरीमुळे होतं, हे मला तेव्हा कळलं आणि फार वाईट वाटलं.

रविवारी सरांची सायकल माझ्या दारात थांबली.

"सर, तुमाले एक प्रश्न इचारू काय?"

प्रश्न अगदी सोपा होता. माझ्यासारख्या मराठीवाल्यालाही उत्तर लगेच आलं.

"जड हाय, सर," मी म्हणालो, "वेळ लागन. बसा, चहा ठेवतो."