अंगठ्यामुळे नापास

हिंदुराव वाडेकर यांच्या फोनमधली जागा संपली ती नेमकी मुलीच्या, म्हणजे दिव्याच्या, साखरपुड्यात, अंगठी तिच्या बोटाच्या पहिल्या पेरावर असताना. फोनने 'जागा शिल्लक नाही' असे जाहीर केले आणि हिंदुरावांनी हात वर करून कार्यक्रम थांबवला. दुसरा फोन मिळेपर्यंत अंगठी काढून ठेवली गेली. मग ती पुन्हा घातली गेली, आणि त्या दुसऱ्या, अधिकृत खेपेचा फोटो निघाला.

हिंदुराव चाकणला ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीचे प्रमुख होते. जपानहून आलेली 'फाइव्ह एस' पद्धत, म्हणजे नको ते काढा, हवे ते जागेवर ठेवा, पुसा, नियम लावा आणि नियम मोडू देऊ नका, ही त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की पिंपळे सौदागरच्या फ्लॅटमध्ये मिठाच्या बरणीखालीही पिवळ्या पट्टीचा चौकोन होता. बरणी चौकोनाबाहेर दिसली की हिंदुराव जेवायला बसत नसत. अशा घरात फोटो मात्र मोकाट सुटले होते, ही गोष्ट त्यांना लाजिरवाणी वाटली.

"आपल्या घरातल्या फोटोंचं स्क्रॅप यार्ड झालंय," रविवारी चहा घेताना ते म्हणाले.

"अहो, फोटो आहेत ते. राहू देत की," त्यांची बायको नीला म्हणाली.

"राहू देत, राहू देत म्हणूनच रिजेक्शन वाढतं."

त्याच दिवशी घरातले सगळे फोन जमा करून घेण्यात आले. हिंदुरावांच्या आई रुक्मिणीबाई यांनी आपला फोन पदराने पुसून दिला. "यात ह्यांचा एक फोटो हाय, हसतानाचा," त्या म्हणाल्या. "तेवढा संभाळ रं."

"आई, सगळं सांभाळण्यासाठीच तर चाललंय हे," हिंदुराव म्हणाले, आणि त्यांना ते मनापासून वाटत होते.

'ह्ये' म्हणजे आबाजी, हिंदुरावांचे वडील. ते गेल्या श्रावणात गेले. हॉलमध्ये हार घातलेला त्यांचा मोठा फोटो होता. त्यात त्यांचे डोळे उघडे होते, मान सरळ होती आणि अंगात कोट होता. कोट आबाजींनी आयुष्यात कधी घातला नव्हता, तो स्टुडिओवाल्याने कॉम्प्युटरवर चढवला होता. रुक्मिणीबाई त्या फोटोला रोज हार घालत, पण त्याच्याशी बोलत नसत.

हिंदुरावांनी फोटोंच्या तपासणीचे निकष ठरवले. चेहरा मध्यभागी असावा. दोन्ही डोळे उघडे असावेत. फोटो हललेला नसावा. चौकटीत परकी वस्तू नसावी. फोनमधल्या एका अ‍ॅपने पहिली चाळणी लावायची आणि अखेरची मान्यता स्वतः हिंदुरावांनी द्यायची, अशी ती व्यवस्था होती.

घरातले बहुतेक जण नापास झाले. नीला हसताना डोळे मिटते, म्हणून ती लग्नापासूनच नापास निघाली. दिव्या लहानपणी एका जागी उभी म्हणून राहिली नव्हती, त्यामुळे तिचे बालपण 'हललेले' या सदरात गेले. याउलट दर सकाळी येणारी 'शुभ सकाळ' लिहिलेली गुलाबाची चित्रे एकूण एक पास झाली. गुलाब हलत नाही आणि त्याला मिटायला डोळेही नसतात. विजेच्या मीटरचे फोटो पास झाले. सोसायटीच्या टाकी धुण्याच्या सूचना तर विशेष गुणवत्तेने पास झाल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, पण ते म्हणायला त्या बैठकीत कोणी हजर नव्हते.

पास झालेल्या मालाच्या तीन प्रती निघाल्या. एक घरच्या कपाटात, एक क्लाउडवर आणि एक भोसरीला मेव्हण्याकडे, कारण पवना नदीला पूर आला तरी पाणी भोसरीपर्यंत पोचत नाही. इथला एक फोटो काढून टाकला की तो उरलेल्या दोन्ही ठिकाणांहूनही आपोआप निघावा, अशी शिस्त त्यात होती. नापास मालाची टोपली हिंदुरावांनी स्वतः रिकामी केली. भरलेली टोपली ऑडिटरला आवडत नाही.

रुक्मिणीबाईंना फोन परत मिळाला तेव्हा तो नव्यासारखा झाला होता. त्यांनी तो बराच वेळ वरखाली केला.

"हिंदू, ह्यात गुलाबच हायेत रं. ह्ये कुठं हायेत?"

हिंदुरावांनी कपाटातली प्रत पाहिली. क्लाउड पाहिला. मेव्हण्याला फोन लावून भोसरीची प्रत उघडायला लावली. तो फोटो तिन्ही ठिकाणी अगदी सारखाच गैरहजर होता. पद्धतीत कुठेही चूक झाली नव्हती.

कंपनीत असे काही घडले की ओळीने पाच वेळा 'का' विचारतात. पाचव्या 'का'ला मूळ कारण हाती लागते, असा नियम आहे. हिंदुराव आईसमोर खुर्ची ओढून बसले.

"फोटो का गेला? तर नापास झाला म्हणून. का नापास झाला? नोंदीत आहे, कोपऱ्यात परकी वस्तू होती. अंगठा."

"परका कसा? माझा हाय त्यो."

"तेच म्हणतो. तुझा अंगठा मध्ये का आला?"

"म्या काढला म्हणून. मला कुठं नीट धरता येतंय."

"मग तू का काढलास? मला सांगायचंस. मी चांगला काढला असता."

"तू घरात न्हवतास तवाच काढला."

"का पण?"

रुक्मिणीबाईंनी फोन मांडीवर ठेवला. "तू म्होरं आलास की ह्ये हसायचं थांबायचे. तू म्हनायचास, आबा सरळ बसा, आबा डोळे उघडा. मग बसायचे बिचारे सरळ. हसले की त्यांचं डोळं मिटायचं रं. म्या जलमभर तसंच बघितलं त्यांना."

पाच 'का' पुरे झाले होते. हिंदुरावांना रडू आले, आणि रडताना त्यांचेही डोळे तस्सेच मिटले. नीलाने ते पाहिले, पण फोटो काढायला हात पुढे केला नाही.

तरीही मूळ कारण सापडले की सुधारणेचा उपाय केल्याशिवाय प्रकरण बंद होत नाही, आणि उपाय म्हणजे कामगाराला प्रशिक्षण, हे कंपनीत ठरलेले आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी हिंदुरावांनी आईला फोन कसा धरायचा ते शिकवले. अंगठा कुठे ठेवायचा, कोपर कसे टेकवायचे, श्वास कधी रोखायचा. रुक्मिणीबाई मन लावून शिकल्या. अंगठा अगदी बाजूला राहू लागला.

"जमलं की!" हिंदुराव म्हणाले.

"व्हय, जमलं," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "आता काढू कुनाचा?"

हिंदुरावांना हसायची आपल्याला घाई नको. परवा आपल्याही फोनने नम्रपणे विचारले होते, 'अस्पष्ट फोटो काढून टाकून जागा मोकळी करायची का?' आपण सिग्नलला उभे होतो, मागचे हॉर्न वाजवत होते. आपण 'हो' दाबले. जागा मोकळी झाली. कुणाची झाली, ते पाहिले होते का?