खिल्लारे बाबूंची लांबची काच

खिल्लारे बाबू माणसाशी बोलताना डावा डोळा मिटत. लवायचा नाही तो. पूर्ण बंद व्हायचा, कुलूप लावल्यासारखा, आणि बोलणं संपेपर्यंत बंदच राहायचा. आमच्या शिरड शहापूरच्या शाळेत ते क्लार्क होते. गावाला सवय झाली होती, पण नवीन माणसाची पंचाईत होई. हिंगोलीहून बदलून आलेल्या गणिताच्या बाईंनी रुजू होण्याचा कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. बाबूंनी कागद घेतला, बाईंकडे पाहिलं आणि डोळा मिटला. बाईंनी कागद परत ओढून घेतला आणि थेट हेडसरांची खोली गाठली.

हेडसरांनी बाबूंना बोलावलं. मी तिथेच हजेरीपटावर सही करत होतो.

"खिल्लारे, बाई म्हणतात तुम्ही डोळा मारला."

"न्हाई सर. मारला असता तर लगेच उघडला असता. म्या मिटून ठेवला व्हता."

"काहून?"

"बाई पन्नासमध्ये बसतात का पंच्याऐंशीमध्ये, ते बघून राहिलो व्हतो."

याने खुलासा झाला नाही. उलट बाईंचं वय पन्नासच्या खूप अलीकडे असल्यामुळे प्रकरण आणखी चिघळलं. शेवटी मीच मध्ये पडलो आणि सांगितलं, की हे कॅमेऱ्याच्या काचेचे आकडे आहेत. आकडा लहान असला की काच पसरट, तिच्यात जास्त मावतं. आकडा मोठा असला की लांबचं जवळ दिसतं. बाबू समोरच्या माणसाला एका डोळ्याने मापतात आणि तो कोणत्या काचेत नीट बसेल ते ठरवतात. शाळेतल्या प्रत्येकाचा आकडा ठरलेला होता. हेडसर अठ्ठावीसचे, कारण त्याहून मोठ्या आकड्यात ते मावत नसत. मी पन्नासचा. "तुमी जसे हाव तसेच दिसता, सर," बाबू मला म्हणाले होते, "वाढत न्हाई, घटत न्हाई." ही स्तुती होती की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

बाबूंकडे कॅमेरा आला तो फुकट. त्यांचा मेव्हणा आखातात मजुरीला गेला होता. तो परत आला तेव्हा त्याने बहिणीला साडी, भाचीला घड्याळ आणि बाबूंना एक जुना जपानी कॅमेरा आणला. त्याला पन्नासची साधी काच होती. बाबूंनी पहिले तीन महिने कॅमेऱ्यात रोल टाकलाच नाही, आधी त्याच्यासोबत आलेलं माहितीचं पुस्तक वाचलं. पुस्तक जपानीत होतं. त्यातली चित्रं बघून बघून ते फोटो काढायला शिकले, आणि खरं सांगायचं तर बरे शिकले.

त्यांना फोटो काढायचा होता तो एकाच गोष्टीचा. त्यांची मुलगी सुजाता पळायची. एकुलतं एक लेकरू, अंगाने काडी, पण पळायला लागली की मागची पोरं पायवाट विचारत यावीत इतकी पुढे. सुजाता आठवीत असताना शाळेच्या मैदानावर चारशे मीटरची शर्यत होती. बाबू कॅमेरा घेऊन वळणावर चुन्याच्या रेघेशेजारी चक्क पोटावर झोपले. सुजाता सगळ्यांच्या पुढे वळणावर आली, तिला जमिनीवर आडवा पडलेला बाप दिसला, आणि पायात पाय अडकून ती तोंडावर आपटली. दोन्ही गुडघे फुटले. बाबूंनी बटण दाबलं होतं. फोटोत फक्त धूळ आली.

त्या दिवशी घरी ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "अण्णा, तुमी दिसले की माझे पाय एकमेकात जातात. तुमी मैदानात येत नका जाऊ."

दुसऱ्या बापाने एक लगावली असती. बाबूंनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "बराबर हाय." त्यानंतर ती पळत असताना त्यांनी मैदानात पाऊल ठेवलं नाही. ते रस्त्यापलीकडच्या पाण्याच्या टाकीमागे उभे राहत. टाकीपासून शर्यतीच्या शेवटच्या रेघेपर्यंत एकशे ऐंशी पावलं, हेही त्यांनी मोजून ठेवलं होतं. एका सोमवारी त्यांनी मला तिथून काढलेला फोटो दाखवला.

"ही सुजाता."

"कोणती?"

"ही काय. गुणाकाराच्या चिन्हाएवढी."

मी चष्मा काढून पाहिलं, घालून पाहिलं. त्यात शाळेची पूर्ण इमारत होती, शेजारचं हळदीचं वावर होतं, आणि एक म्हैस फारच छान आली होती. बाबूंनी फोटो परत घेतला आणि म्हणाले, "लांबची काच पाहिजे, सर. झूम."

तिथून सुरू झालेली काचेची निवड पाच वर्षं चालली.

आता पैसेवाल्याला यात काही अडचण नसते, तो दुकानात जातो आणि सगळ्यात जाडजूड दिसेल ती काच घेतो. बाबूंपुढे अडचणी तीन होत्या. पहिली म्हणजे मेव्हण्याचा कॅमेरा जुन्या आट्यांचा होता. झाकण फिरवून लावावं तशी त्याला काच फिरवून बसवावी लागे, आणि नव्या काचा त्याला बसतच नसत. म्हणजे जुनीच शोधायची. दुसरी अडचण उजेडाची. स्वस्त झूममधून उजेड कमी येतो, आणि शर्यतींच्या शेवटच्या फेऱ्या नेमक्या दिवस कलल्यावर होतात. "सुजाता पळंल आन् फोटोत नुसता ओघळ येईल," बाबू म्हणत. चांगला उजेड देणारी काच होती, पण तिची किंमत ऐकून बाबू दुकानाच्या पायरीवर बसले होते. आणि तिसरी अडचण खुद्द बाबू. "घाई केली की काच चुकते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. ते हे इतक्या शांतपणे म्हणत, की समोरच्याला आपणच कुठे तरी घाई केल्यासारखं वाटे.

सुट्टी मिळाली की ते हिंगोली, परभणी, अकोला करत. प्रत्येक दुकानात काच हातात घेत, दारात येत आणि रस्त्याच्या टोकाची पाटी मोठ्याने वाचत. हिंगोलीचा दुकानदार त्यांना लांबून ओळखायला लागला. "खिल्लारेसाब, लेना है के सिर्फ पढना है?" तो विचारी. बाबू म्हणत, "बराबर देखे बगैर कैसा लेना?" आणि पुढची पाटी वाचत.

एकदा त्यांनी मला नांदेडला नेलं. सोबत म्हणून, असं सांगितलं होतं. तिथल्या एका दुकानात तीन जुन्या झूम आल्या होत्या. बाबूंनी पहिली काच दुकानदाराच्याच कॅमेऱ्याला लावून घेतली, फूटपाथवर उभे राहिले आणि म्हणाले, "सर, तेवढं एकशे ऐंशी पावलं पुढं जा आन् पळत या."

"मी?"

"पाटी पळत न्हाई ना, सर."

मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होतो, मराठी शिकवत होतो आणि पायात कोल्हापुरी चपला होत्या. पण दोस्तीखातर गेलो. भर बाजारात, हातगाड्यांमधून वाट काढत पळत आलो. बाबूंनी डोळ्यावरचा कॅमेरा न काढता सांगितलं, "थोडं जोरात, सर. सुजाता असी पळत न्हाई." दुसऱ्या काचेसाठी पुन्हा गेलो. तेव्हा एका केळीवाल्याने मला चोर समजून दंडाला धरलं, आणि मी का पळतोय हे मला त्याला धड सांगता येईना. तिसऱ्या वेळेपर्यंत दोन्ही बाजूला माणसं उभी राहिली होती. काहींनी टाळ्या वाजवल्या.

मी धापा टाकत पायरीवर टेकलो. बाबूंनी निकाल सांगितला. "पहिल्यात उजेड कमी. दुसऱ्यात तुमी पिवळे दिसता. तिसरी एक नंबर हाय."

"मग घ्या ना आता!"

"तिचे आटे बसत न्हाईत आपल्या कॅमेऱ्याला."

"हे तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"व्हय. पण चांगली काच कशी असते ते कळाया पाहिजे ना."

परतीच्या गाडीत मी त्यांच्याशी गाव येईपर्यंत बोललो नाही. त्यांच्या ते लक्षात आलं नसावं.

इकडे सुजाता थांबली नव्हती. ती तालुक्याला पहिली आली, मग जिल्ह्याला, मग विभागाला तिसरी. गावातला फोटोवाला हार घालून, कप हातात देऊन तिचे फोटो काढी. वहिनींनी, म्हणजे सुजाताच्या आईने, ते भिंतीवर लावले होते. बाबू तिकडे बघत नसत. "उभी ऱ्हायलेली सुजाता घरी बी दिसते," ते म्हणत. वहिनी चहा देता देता मला सांगत, "लेकरू पळून पळून दमलं सर, ह्यांची काच काही येईना. ह्यांच्या जागी दुसरा असता तर एवढ्या दिवसात भट्टी लावून घरीच काच केली असती." बाबू म्हणत, "घाई केली की..." आणि वहिनी त्यांचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत कपबशा उचलून आत जात.

दहावी झाली, बारावी झाली. बारावीनंतर सुजाताने पोलीस भरतीचा अर्ज भरला. भरतीच्या मैदानावर ती अशी पळाली म्हणे, की मोजणाऱ्याने घड्याळ कानाला लावून पाहिलं. एका गुरुवारी निवड झालेल्यांची यादी लागली. तिचं नाव होतं. ट्रेनिंगला नागपूरला जायचं होतं.

आणि त्याच शनिवारी बाबू टॉवेलमध्ये काही तरी गुंडाळून माझ्या दारात आले. वारंगा फाट्यावर लग्नाचे फोटो काढणारा एक जण होता. तो आता व्हिडिओ शूटिंगकडे वळला होता आणि जुनं सामान काढून टाकत होता. त्याच्याकडे ही काच गेल्या दिवाळीपासून पडून होती. बाबू तिला चार वेळा बघून आले होते आणि चारही वेळा तशीच ठेवून आले होते. सत्तर ते दोनशे दहा. आटे बसतात, उजेडाला बरी, कडेला नखाएवढी बुरशी. "बुरशी फोटोत येत न्हाई," ते म्हणाले, पण आवाजात नेहमीचा हुरूप नव्हता.

मी काच हातात घेतली. जड होती. मला राहवलं नाही.

"बाबू, आता तर तिचं इथलं पळणं संपलं. मग आता काहून घेतली?"

ते बराच वेळ टॉवेलच्या टोकाने काच पुसत बसले. ती स्वच्छच होती.

"पाच वर्षं वाटत व्हतं, सर," ते म्हणाले, "पुढच्या साली बी पळंलच की."

मी म्हटलं, जायच्या आधी एकदा मैदानावर पळायला सांगा, ती नाही म्हणायची नाही. त्यांनी मान हलवली. सांगून पळालं की ते पळणं राहत नाही, असं काहीसं म्हणाले आणि उठले.

ती निघाली त्या दिवशी मला हिंगोलीत पगारबिलाचं काम होतं, म्हणून मीही स्टेशनवर गेलो. तेव्हा आमच्याकडे छोट्या लाइनची गाडी होती. त्या गाडीने सुजाताने अकोल्याला जायचं आणि तिथून नागपूरची मोठी गाडी धरायची. सुजाता खिडकीत बसली. वहिनींनी डब्याच्या, पाण्याच्या, सोबतच्या पोरींच्या सगळ्या सूचना तीन तीनदा दिल्या. बाबू गळ्यात कॅमेरा अडकवून उभे होते. त्यांनी एकच विचारलं, "तकलीफ न्हाई ना खिडकीला वाऱ्याची?" ती म्हणाली, "न्हाई अण्णा."

गाडी हलली. सुजाताने हात बाहेर काढला. वहिनी बाकावर बसल्या आणि पदरात तोंड घालून रडायला लागल्या. बाबूंनी हात हलवला नाही. त्यांनी कॅमेरा वर केला आणि गाडी जसजशी लांब जाईल तसतशी काचेवरची कडी हळूहळू फिरवत राहिले. छोट्या लाइनची गाडी ती, तिला पळायची सवय नव्हती. प्लॅटफॉर्म संपला, मालधक्का मागे गेला, शेवटचा डबा सिग्नलच्या पलीकडे काडेपेटीएवढा झाला. मी बटणाच्या आवाजाची वाट बघत होतो. तो आलाच नाही.

"बाबू, दाबा की. गेली गाडी."

"रोल न्हाई टाकला, सर."

"काहून?"

"रोल असला की फोटो काढावा लागते. आज नुसतं बघाया आणली."

वहिनींनी पदरातूनच विचारलं, "गेली का हो?"

"न्हाई," बाबू म्हणाले. "हाय अजून. ये, बघ."

वहिनी उठल्या. पाच वर्षांत त्यांनी त्या कॅमेऱ्याला हात लावला नव्हता. बाबूंनी गळ्यातला पट्टा काढून त्यांच्या गळ्यात घातला आणि मागे उभं राहून, त्यांच्या हातावर हात ठेवून कडी फिरवून दिली. मी रुळांकडे पाहिलं. गाडी केव्हाच वळणाआड गेली होती. रुळावर एक बकरी उभी होती, तीही पाठमोरी.

"दिसते का?" बाबूंनी विचारलं.

"व्हय," वहिनी म्हणाल्या, "दिसते की," आणि बराच वेळ त्यांनी कॅमेरा डोळ्यावरून काढला नाही.