जुनं करून दिलेलं कार्ड

ग्राफिक्स कार्ड मी घेणार म्हणजे घेणार, हे मी आधीच सगळ्यांना सांगून टाकलं होतं. बायको वारलेल्या माणसाने कॉम्प्युटरवर खेळ खेळावा का, यावर आमच्या बालाघाटात कुणाला चर्चा करायची असेल तर खुशाल करावी. चहा मी पाजतो.

खेळ माझा नव्हता, पुष्पलताचा होता. लेक नोकरीला नागपूरला गेली आणि तिचा कॉम्प्युटर घरी राहिला. त्यावर पुष्पलता रोज दुपारी शेतीचा खेळ खेळायची. नांगरायचं, पेरायचं, जनावरांना चारा टाकायचा. "या शेतात डुकरं येत नाईत," म्हणायची. आमच्या खऱ्या शेतातलं निम्मं धान डुकरंच खायची, त्यामुळे मी कधी वाद घातला नाही. कॉम्प्युटर जुना. चित्र अडकत अडकत चालायचं आणि अक्षरं म्हणजे नुसत्या मुंग्या. पण तिला सगळं पाठ होतं. ती गेल्यावर मी बसलो, तर नांगर कोणता आणि बैल कोणता हेच कळेना. तिचं शेत पडीक पडू द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं. "बाबा, स्वस्तातलं एखादं ग्राफिक्स कार्ड बसवा, चित्र साफ दिसेल," असं लेकीने फोनवर सांगितलं.

आडवी आली माझी थोरली बहीण सत्यभामा. मी तिला बाई म्हणतो. पुष्पलता गेल्यापासून ती माझ्याकडेच मुक्कामाला होती आणि मला वारासिवनीला तिच्या घरी न्यायला टपली होती. तिथे मागच्या खोलीत माझ्यासाठी खाटसुद्धा टाकून झाली होती.

"वर्ष व्हाचं हाये अजून," बाई म्हणाली. "मयताच्या घरात वर्षभर नवी वस्तू येत नाई. मायच्या वेळी आपण झाडूसुदिक आणला नाई."

"मंग झाडत कशानं होतो?"

"जुन्यानं."

"मंग मीबी जुनंच कार्ड आणतो. जुन्याले तं मनाई नाई न?"

बाई विचारात पडली. नियमात जुन्याबद्दल काहीच नव्हतं.

"आण," ती म्हणाली. "पण आयक, तेजराम. हे एक काम धड करून दाखव. नाई जमलं तं गाठोडं बांधाचं न माह्यासंग वारासिवनीले याचं."

"हौ. मंजूर."

मी राइस मिलमध्ये फिटर. उभा जन्म मोटारी बसवण्यात गेला. एक कार्ड ते काय! छाती काढून मी धर्मेंद्रच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो.

"काकाजी, हलक्याफुलक्या गेमसाठी छोटा कार्ड बहुत है," धर्मेंद्र म्हणाला. "वेगळी बिजलीबी मांगत नाई. हा पाहा, सीलबंद."

"नवा नोको. जुना दाखव."

"सारे लोग नया मांगते हैं, अन् तुम्ही..."

"घरात मयत झाली हाये. वर्ष नाई झालं."

धर्मेंद्रची आजी आमच्याच भागातल्या परसवाड्याची, घरात हाच रिवाज. त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. त्याने काउंटरखालून एक जुनं कार्ड काढलं. तीन पंखे, आणि लांबीला मसाला वाटायच्या पाट्याएवढं.

"पण हा मत लो, काकाजी. बिजली लय खाते. तुमच्या डब्यात मावणारबी नाई."

आता मिलचा कायदा असा, की काम हलकं असलं तरी मोटार एक नंबर मोठीच बसवावी. मोठी मोटार दमत नाही. चाळीस पोत्यांचं काम साठ पोत्यांच्या मोटारीला द्यावं आणि निवांत बिडी ओढावी. हे या पोराला कोण शिकवणार?

"बांध," मी म्हणालो.

घरी आल्यावर कार्ड खरंच मावेना. मग मी करवत घेतली आणि कॉम्प्युटरच्या डब्यातली आडवी येणारी पट्टी कापून काढली. कार्ड बसलं. आता त्याला वेगळी बिजली पाहिजे, आणि तसली वायर माझ्या डब्यात नव्हती. नसेना. दुसरी वायर सोलून जोडली. फिटरला काय शिकवायचं?

बटण दाबलं. तिन्ही पंखे फिरले. बाई हातातला झारा घेऊन पाहायला आली. मी तिच्याकडे पाहून मिशी पिळणार, एवढ्यात कुकरचं झाकण उडावं तसा आवाज झाला, घरातली बत्ती गेली आणि डब्यातून धूर निघाला.

नेमका त्याच वेळी प्रेमलाल दारात उभा. आमच्याच वॉर्डातला, इतके दिवस बाहेरगावी होता म्हणून आता पुष्पलताच्या दुखवट्याला बसायला आलेला. त्याने पाहिलं ते एवढंच, की घरात अंधार, धूर, मी करवत घेऊन जमिनीवर आणि बाई कपाळाला हात लावून. तो आल्या पावली परत गेला आणि सांगत सुटला, की तेजरामने दुःखाच्या भरात घरातलं सामान जाळलं.

संध्याकाळी सारा वॉर्ड आमच्या चटईवर बसला होता. चेहरे लांब. एका म्हाताऱ्याने कोपऱ्यातल्या काळ्या डब्याकडे पाहून विचारलं, "कसा गेला?"

"अचानक गेला," मी सांगितलं. खोटं कशाला बोलू?

"आधी काही तरास होता?"

"अडकत होता. पण चालत होता."

लोक गेल्यावर बाई म्हणाली, "गाठोडं बांध."

"काम संपलं नाई अजून. मोटार जळली म्हणून मिल कोणी विकते का?"

दुसऱ्या दिवशी धर्मेंद्रकडे गेलो, तर बाई साक्षीदार म्हणून सोबत आली. आपली कपड्यांची पिशवी भरूनच आली. तिथूनच मला वारासिवनीच्या बसमध्ये घालायचा तिचा बेत होता.

धर्मेंद्रने डबा उघडून पाहिला. बिजली पुरवणारी पेटी जळली होती आणि तीन पंख्यांचं कार्डही गेलं होतं. बाकी कॉम्प्युटर शाबूत. पेटी त्याच्याकडे जुनी निघाली. पण छोटं कार्ड होतं ते एकच, तेच सीलबंद.

"नवं घरात येणार नाई," बाईने निकाल दिला.

धर्मेंद्रने डोकं खाजवलं. "मावशी, मी वापरून देतो न. इथंच, दुकानात. मंग तो जुना झाला का नाई?"

"किती वापरलं का जुनं होते?"

हे दुकानात कुणालाच माहीत नव्हतं. धर्मेंद्रने सील फोडलं, कार्ड स्वतःच्या कॉम्प्युटरला लावलं आणि मोटारगाडीचा खेळ सुरू केला. बाई स्टूल ओढून देखरेखीला बसली.

"एवढ्या जोरानं नोको पळवू. समोर ट्रक हाये."

गाडी ट्रकवर आदळली.

"सांगत होती न मी? आता झालं का जुनं?"

धर्मेंद्रने कार्ड काढून दाखवलं. ते आरशासारखं चमकत होतं. बाईने ते उलटंपालटं केलं. मग मागच्या फळीवरची धूळ बोटाला घेतली, कार्डाच्या खोक्याला चारी बाजूंनी फासली आणि म्हणाली, "आता जुनं."

घरी येऊन मी कार्ड लावलं. काहीही कापलं नाही. पुष्पलताचं शेत उघडलं. धानाची लोंबी न् लोंबी दिसत होती. अक्षरं स्वच्छ. गोठ्यात एक मरतुकडं गाढव उभं होतं, भुकेची लाल खूण डोक्यावर घेऊन. त्याच्या खाली इंग्रजीत नाव.

"काय लिवलं हाये?" बाईने विचारलं.

"तेजराम."

पुष्पलता गेल्यापासून बाई पहिल्यांदा हसली. पदर तोंडात कोंबून हसली. मग तिचं लक्ष एका गलेलठ्ठ कोंबडीकडे गेलं. ती स्वतःचे दाणे सोडून दुसऱ्यांच्या कुंपणात चोच घालत हिंडत होती.

"आन हे कोण?"

"कोंबडी हाये."

"नाव हाये तिच्याखाली. वाच."

"सत्यभामा."

बाई पुष्कळ वेळ कोंबडीकडे पाहत राहिली. मी चारा शोधला, गाढवापुढे टाकला. गाढवाने खाल्ला. लाल खूण गेली.

"पाह्य," मी म्हणालो. "मले सांभाळता येते. मी इथंच राहीन."

बाईने पिशवी उचलली. गाठोड्याचं नाव तिने काढलं नाही, मीही काढलं नाही. स्टँडवर बसमध्ये बसल्यावर तिने खिडकीतून मला जवळ बोलावलं.

"तेजराम, त्या कोंबडीलेबी दाणे टाकत जाजो."

टाकतो. रोज टाकतो. ती सगळे खाते आणि अजून एकही अंडं दिलेलं नाही. हे वारासिवनीला कळवायची माझी छाती नाही. बाकी मी कुणाच्या बापाला भीत नाही.