सलामाची पातळी

धुळाप्पा शिपायाची कंबर दुखत होती तोवर कचेरीत कोणी दखल घेतली नाही. ती वाकेनाशी झाली, तेव्हा घेतली. सोलापुरातल्या त्या कचेरीचे नाव सांगत नाही. ज्याने तिथे खेटे घातले आहेत, तो ओळखेल.

बसलिंगप्पा वैद्यांनी धुळाप्पाला पालथे घालून पाहिले आणि म्हणाले, "औषध न्हाय. वाकणं सोड. वस्तूकडं तू जाऊ नको, वस्तू वर आण."

"आन् शेळी?"

"ती बी."

घरी गोजाबाईने नवऱ्यासाठी घागर कट्ट्यावर ठेवली, जोडे कोनाड्यात ठेवले आणि धार काढायला शेळी बाजेवर चढवली. शेळी उतरेना. पाहुणे खाली बसू लागले. "ऐट बघा की हिची," गोजाबाई म्हणाली, "तुमच्या सायबागत बसलीया." पण धुळाप्पाची कंबर हलकी पडली.

अडचण कचेरीत होती. सलाम करताना शिपायाचे डोके साहेबांच्या टोपीखाली असावे, असा नियम. धुळाप्पा ताडमाड, साहेब खुर्चीत बसले की जेमतेम टेबलावर दिसत. वाकला नाही तर शिपाईगिरीचा पट्टा जाणार, आणि पट्टा गेला की सगळा संसार त्या शेळीच्या मर्जीवर.

हेडक्लार्क शिवशरणआण्णांनी विचारले, "वाकतोस, का पट्टा उतरवतोस?"

"आण्णा, वैद्य म्हनले, वस्तू वर आना."

आण्णांनी डोळे मिटून विचार केला. साहेब ही वस्तू धरता येईल काय? तसे धरण्यास कुठल्याही कलमात मनाई नव्हती. मग शेजारच्या लग्नमांडवातली तख्ते आणवली आणि साहेबांना खुर्ची-टेबलासकट वर ठेवण्यात आले. साहेबांना उंची फार मानवली. देवाने ती त्यांना दिलेली नव्हती. धुळाप्पा आता ताठ उभा राहिला तरी डोके टोपीखालीच राही आणि सलाम कायदेशीर होई.

मात्र वर गेलेले साहेब पंख्याच्या वाटेत आले. छताचा तो कापडी पंखा बाहेर बसलेला माणूस दोरीने ओढत असे. आता दर झोक्याला पंखा टोपीला भिडू लागला. झोका आला की साहेब मान खाली घालीत. समोरच्या लोकांना वाटे, साहेब आपल्याला नमस्कार करतात. एवढ्या मोठ्या माणसाचा नमस्कार तसाच कसा ठेवायचा? ते कंबरेत वाकत. पंखा परत येई. साहेब पुन्हा वाकत. लोक आणखी खाली जात. सुताचे व्यापारी मडिवाळप्पा शेट एक अर्ज घेऊन आले, मिलचा भोंगा होईपर्यंत वाकत राहिले आणि अर्ज तसाच घेऊन घरी गेले. पंखा थांबवावा, असे कोणी सुचवले नाही. साहेबांना उकडले असते.

लवकरच कचेरीतून निघणारा प्रत्येक जण कंबरेवर हात ठेवून निघू लागला. दारात ताठ माणूस एकच.

"ह्याला काढा सायेब," मडिवाळप्पा शेट म्हणाले.

"तो नियमाप्रमाणे उभा आहे," साहेब वाकत म्हणाले. "खरे तर तुम्हालाही वाकायचे कारण नाही."

"ते ठावं हाय की," शेट त्याहून खाली वाकत म्हणाले. "पन ह्यो सरळ हुबा ऱ्हातो, त्यानं आमी वाकल्यालं दिसतो."

मुद्दा बिनतोड होता. इतरांच्या कंबरेस अपायकारक वर्तन, या कारणावरून धुळाप्पाचा पट्टा काढून घेतला.

"पट्टा कुटं हाय?" गोजाबाईने विचारले.

"गेला. कंबर ऱ्हायली," धुळाप्पा म्हणाला आणि शेळीशेजारी बाजेवर बसला. शेळीने जागा दिली नाही.

इकडे मडिवाळप्पा शेट सगळ्या दुखणाइतांना घेऊन बसलिंगप्पांकडे गेले. वैद्य म्हणाले, "वाकणं सोडा."

शेट म्हणाले, "ते सोडून दुसरं काय असंल तर द्या की."

वैद्यांनी निरुपायाने तेल दिले. त्या तेलाचा गुण कोणालाच आला नाही, पण खप अजून जोरात आहे. तुमच्या फळीवरची बाटली संपत आली असेल, तर तुम्हीही जाऊन घेऊन या. दुकानाचे दार फार ठेंगणे आहे. पण तुम्हाला काही अडचण यायची नाही.