काटेकोर आबांची पाचाची अंघोळ

एका जंगलात काटेकोर आबा नावाचं एक म्हातारं साळिंदर होतं, आणि जे झालं ते सगळं त्याच्याच चुकीने झालं. हे आधीच सांगितलेलं बरं, बाळांनो. नाहीतर शेवटी तुम्ही 'अरेरे, बिचारे आबा' म्हणत नाक पुसत बसाल. बिचारे वगैरे काही नाही.

आबा पहाटे पाचाच्या ठोक्याला गरम पाण्याने अंघोळ करायचे. का, ते विचारायची सोय नव्हती. त्यांचे वडील पाचाला करायचे. संपलं.

त्या जंगलात पैसा नव्हता. ज्याच्या अंगावर जे असेल, ते वीजबिलात जायचं. मोराची पिसं, मेंढ्याची लोकर, साळिंदराचे काटे. वसुलीला वीजघराचा वानर चिमटा घेऊन यायचा.

पुढे पठारावर पवनचक्क्या आल्या. आधी एक आली, मग चार, मग अळंब्या उगवाव्यात तशा जिकडेतिकडे. वीज वाऱ्याची झाली, तसा दरही वाऱ्याचा झाला. वारा सुटला की प्रत्येक बिळावर हिरवा दिवा लागायचा. तेव्हा घरभर वापरा, एका काट्यात काम. वारा पडला की तांबडा दिवा. तेव्हा एका बादलीला मूठभर काटे.

हे सशांच्या पोरांनाही कळलं. हिरवा दिवा लागला की जो तो दळण, धुणं, इस्त्री उरकून घ्यायचा.

पहाटे पाचाला वारा पडलेला असायचा. रोज.

"मामंजी," सून गिरजा म्हणाली, "रात्री वारा होता तेव्हाच पाणी तापवून पिंपात झाकून ठेवलंय. अजून कढत आहे. तेच घ्या."

"शिळं पाणी?"

"पाणी शिळं होत नसतं."

"मग काय आम्ही शिळे झालो?"

खरं उत्तर गिरजाच्या ओठांवर आलं होतं. पण ती सून होती. तिने ते गिळलं.

"अहो, पाठ उघडी पडत चाललीय तुमची. बिबट्या आपल्याला सोडतो तो काट्यांना भिऊन. काटे संपले म्हणजे?"

"वाऱ्याच्या तालावर नाचायला मी काय पतंग आहे? मी घड्याळाच्या काट्यावर चालतो!"

"तोच एक काटा राहणार आहे तुमच्याकडे," गिरजा म्हणाली.

आबांनी ज्येष्ठ प्राणी संघाची सभा बोलावली. कासव आलं, घुबड आलं, दात पडलेलं तरस आलं. चूक वाऱ्याची आहे, यावर कुणाचंच दुमत नव्हतं.

"हल्लीच्या वाऱ्याला शिस्तच नाही," घुबड म्हणालं.

"आमच्या वेळचा वारा दारात थांबून विचारायचा, आत येऊ का म्हणून," तरस म्हणालं.

ठराव झाला : वाऱ्याने रोज पहाटे पाचाला हजर राहावे. ठराव वाऱ्याला पोचवायचा कसा, यावर बराच वाद झाला. शेवटी तो हवेत सोडला. वारा पडलेला होता, त्यामुळे कागद सरळ कासवाच्या पाठीवर येऊन बसला. पोच मिळाली, असं समजण्यात आलं.

आबांच्या अंघोळी चालूच राहिल्या. वानराचा चिमटाही चालू राहिला. आबांची पाठ सोललेल्या बटाट्यासारखी झाली.

या निर्धाराबद्दल संघाने आबांचा सत्कार ठरवला. वेळ अर्थात पहाटे पाचाची. प्रमुख पाहुणे, श्री. बिबटेसाहेब.

"बिबट्याला बोलावलंत?" गिरजा किंचाळली.

"पाहुणा मोठा नसेल तर तो सत्कार कसला? मी शाल घरूनच पांघरून जातो. शालीखाली काय आहे, त्यांना काय ठाऊक?"

"आणि शाल सरकली तर?"

"सरकेल कशी? पाचाला वारा असतो का कधी?" आबा म्हणाले. आणि मग, आपण काय बोललो ते लक्षात येऊन, तिच्यावरच खेकसले.

पाचाचा ठोका पडला. साहेबांनी आबांच्या हातात नारळ दिला.

आणि वारा आला.

खरंच आला, बाळांनो. वेळेवर आला. पठारावरची पाती गरगरा फिरायला लागली. सगळ्या बिळांवर हिरवे दिवे लागले.

"आला!" आबा ओरडले. "बघ गिरजे, आला की नाही? ऐकतो की नाही?"

शाल उडाली.

साहेबांनी पाहिलं. आबांनी खानदानी सवयीने पाठ फिरवली आणि काटे फुलवले. फुलवायला काही नव्हतं.

संघाच्या टाळ्या जरा उशिराच थांबल्या.

त्या पहाटे वीज जवळजवळ फुकट होती. आबांचा जीव गेला.

तात्पर्य : मोठ्यांचा अनुभव कधी वाया जात नाही. बिबट्याला तो चांगला पचतो.