ऑर्किडचे डॉक्टर

"पाणी असलं की काहीही जगतं," नवऱ्याने जाहीर केलं. पाणीखात्यात हयात गेलेला माणूस. पाणी कमी आलं म्हणून लोकांनी त्याच्या टेबलावर रिकामी भांडी आपटली होती, पण जास्त आलं म्हणून कुणी कधी तक्रार केली नव्हती.

बायको हो म्हणाली. तो काहीतरी बोलला याचंच तिला अप्रूप. निवृत्त झाल्यापासून तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता तो बसलाच होता. चहा घेणार? हं. दिवा लावू? हं. घराला आग लागली तरी हा हंच म्हणेल, अशी तिची खात्री पटत चालली होती. आणि एका सकाळी तो उठला. माळ्यावरून माशांची जुनी काचपेटी काढली, दगड रचले, छोटी मोटर बसवली आणि बाहेरच्या खोलीत वीतभर उंचीचा धबधबा कोसळू लागला. त्या आवाजाने दोघांनाही सारखं मोरीकडे पळावंसं वाटे. पण तिने चकार शब्द काढला नाही. माणूस उठला होता ना!

"आता यात ऑर्किड हवीत. अगदी चिमुकली. मोठी लावली तर धबधबा गळक्या नळासारखा दिसेल. निवड तू कर, तुझी नजर चांगली आहे."

दिवसभर दवाखान्याच्या खिडकीत बसून केसपेपर फाडल्यावर तिच्या नजरेत काही शिल्लक नसायचं. तरी परतताना ती नर्सरीत शिरली.

नर्सरीवालीने पुढ्यात ट्रे ठेवला. लाकडाच्या ढलप्यांना दोऱ्याने बांधलेले हिरवे ठिपके होते.

"फूल कुठाय?"

"हे काय."

"ही धूळ आहे ना?"

"श्वास जरा आवरा ताई, उडून जाईल."

मग चाळणी सुरू झाली. एकाला गारवा हवा, पेटीत तर उकडतं. दुसऱ्याला मधूनमधून कोरडं राहायचं असतं. धबधब्याच्या शेजारी घर घेऊन वर कोरडं हवं म्हणणं म्हणजे जरा अतीच. शेवटी एक पसंत पडलं. पानं तांदळाएवढी, फूल मोहरीएवढं, स्वभावाने सोशीक.

"याला तुषार चालतात, धार नाही," नर्सरीवाली म्हणाली. "मुळांना हवा लागते. धबधब्याच्या बाजूला ठेवायचं, खाली नाही. सांगाल ना घरी?"

तिने सांगितलं. नवऱ्याने ते बरोब्बर धारेखाली बसवलं.

"लाजतंय," तो म्हणाला. "होईल सवय."

आठवड्याभरात रोप काळं, लिबलिबीत झालं. नवरा पेटीसमोर बराच वेळ उभा राहिला. मग त्याने मान वळवून खुर्चीकडे पाहिलं. पुन्हा 'हं'चे दिवस येणार, हे तिने ओळखलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून परतताना तिने जेवणाच्या डब्यातून तसंच दुसरं रोप आणलं आणि रात्री तो झोपल्यावर गुपचूप बदललं.

"अगं, ये इकडे. सावरलं बघ. पाणी असलं की..."

"काहीही जगतं," ती म्हणाली.

खालच्या मजल्यावर नणंद राहते. तिला बातमी सांगितली की वर्तमानपत्राची गरज उरत नाही. संध्याकाळी ती हातात कुंडी घेऊन हजर.

"दादाच्या हाताला गुण आहे म्हणे वहिनी. हे माझं आचके देतंय."

दादाने चष्मा लावला, पान उलटंपालटं केलं. "दाखल करावं लागेल."

झालं! नणंदेचं रोप बरं होऊन गेलं, मग तिच्या मैत्रिणीचं, मग मैत्रिणीच्या जावेचं. दाराशी चपलांचा ढीग पडू लागला. नवरा रोज दाढी करू लागला, इस्त्रीचा शर्ट घालून पेशंट तपासू लागला. बायको दवाखान्यातून सुटून दवाखान्यातच येऊ लागली. पाय भरून आलेले, तरी वाट वाकडी करून नर्सरीत जायचं. डब्याला आता जेवणाऐवजी मातीचा वास येई. एकदा घाईत पांढऱ्या फुलाच्या जागी जांभळं आलं. नवऱ्याने ते निरखून पाहिलं.

"पाण्याने रंग उघडला," तो बहिणीला म्हणाला.

"अहो, धार जरा कमी केली तर?" बायकोने एकदा सुचवून पाहिलं.

"यातलं तुला कळत नाही. वाईट वाटून घेऊ नकोस."

परवा ती नर्सरीत गेली, तर नर्सरीवालीने ट्रे काढलाच नाही.

"ताई, एक बोलू? रागावू नका. तुमच्या हाताला झाडं लागत नाहीत. माझी चांगली रोपं नेता आणि मारता. इथून जवळच एक गृहस्थ आहेत, गेलेली ऑर्किडं उठवून बसवतात. माझीच गिऱ्हाइकं सांगतात. जरा त्यांच्याकडे शिकून या."

ती क्षणभर स्टुलावर टेकली.

"कसे आहेत स्वभावाने?"

"अहो, काय उत्साह! असा माणूस आयुष्यात एक दिवस स्वस्थ बसला नसेल बघा."

तिने डब्याचं झाकण उघडून पुढे केलं.

"दोन पिवळी द्या," ती म्हणाली. "आणि एक पांढरं उद्यासाठी बाजूला काढून ठेवा."